गुडघा जंक्शन

मास्तरांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. गणित शिकवलं आणि शाळेचं वेळापत्रक लावलं. गणित कुणाला आलं की नाही याबद्दल त्यांना स्वतःलाच शंका होती. वेळापत्रकाबद्दल मात्र शाळेत दुमत नव्हतं. अठ्ठावीस वर्ग, एक्केचाळीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि जेवणानंतर कुणालाच नको असलेला इतिहासाचा तास, एवढा ऐवज घेऊन ते सुट्टीत पंधरा दिवस जमिनीवर कागद पसरून बसत, आणि उठत तेव्हा कुणाचा पाय कुणाच्या पायात नसे.

एक खोड मात्र होती. कच्चं वेळापत्रक सह्यांसाठी फिरवताना ते त्यात मुद्दाम एक चूक पेरून ठेवत. चित्रकलेचे सर आणि कवायतीचे सर एकाच तासाला एकाच खोलीत, असं काहीतरी. जो धावत येऊन "मास्तर, हा काय घोळ घातलाय!" म्हणे, त्याने कागद वाचला असं समजायचं. बाकीच्यांनी नुसती सही ठोकली. मुख्याध्यापक तेवीस वर्षांत एकदाही धावत आले नाहीत. एका वर्षी तर मास्तरांनी खुद्द त्यांनाच पाचवीला शिवणकामाचा तास दिला. त्यांनी सही केली आणि खाली 'उत्तम' असा शेराही मारला.

मास्तर निवृत्त झाले आणि शाळेने कॉम्प्युटर घेतला. तो म्हणे बटण दाबलं की चहा येईपर्यंत वेळापत्रक काढून देतो. मास्तरांनी एकदा जाऊन ते पाहिलं. त्यात चूक नव्हती. त्यांना ते फारच लागलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी युरोपचा विषय निघाला.

गुरुवार म्हणजे टेलरच्या दुकानाची मागची खोली. चौघे मित्र शाळेत एका बाकावर बसलेले, आता कापड बेतायच्या लांबलचक टेबलाभोवती बसत. टेलरचं नाव टेलरच पडलं होतं. दुसरा घड्याळजी, त्याच्या दुकानात पन्नास घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, त्यामुळे तो स्वतःच्या हिशेबाने कधीच उशिरा येत नसे. तिसरा दातांचा डॉक्टर. शाळेपासूनचे मित्र त्याला डॉक्टर म्हणण्याची शक्यता नव्हती, म्हणून कवळी म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्याचा उजवा गुडघा गेला होता, आणि ज्यांना उत्तर देता येत नाही अशांशी बोलायची सवय जडली होती.

त्या गुरुवारी कवळी दवाखान्यातलं एक जुनं मासिक घेऊन आला. मधल्या पानावर डोंगरातून जाणारी लाल गाडी होती.

"एकदा युरोपात रेल्वेने फिरायचं," तो म्हणाला. "आपण चौघंच. बायका नाहीत, पोरं नाहीत, आणि छत्री उंच धरून पुढे पळणारा तो गाइड तर मुळीच नाही."

"एका देशातून दुसऱ्या देशात गाड्या बदलायच्या," टेलर म्हणाला. "ते जमवणार कोण?"

आणि तिघांनी एकाच वेळी मास्तरांकडे पाहिलं.

त्या पाहण्यावर मास्तर दोन वर्षं जगले.

इटलीत सुरुवात, मग स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि हॉलंडला शेवट. एकोणीस दिवस, सत्तावीस गाड्या. मास्तरांनी चौतीस पानांची वही केली आणि तिच्या तीन प्रती हाताने लिहून काढल्या. झेरॉक्स काढली तर माणूस वाचत नाही, असं त्यांचं मत होतं. हाताने लिहिलं तरी वाचत नाही, हा अनुभव पुढे यायचा होता. वहीत काय नव्हतं? कुठल्या बाजूच्या खिडकीतून तळं दिसतं, कुठल्या स्टेशनावरचं पाणी फुकट, डाव्या खिशात काय, उजव्या खिशात काय. त्यासाठी त्यांनी अकरा खिशांचं एक जाकीट आखलं आणि टेलरने चौघांची मापं घेतली.

पण वहीचं काळीज होतं अकराव्या पानावर. नववा दिवस. सलग आठ दिवस जिने चढून कवळीचा गुडघा बोलायला लागणार हे धरून मास्तरांनी तिथे दोन तास चाळीस मिनिटांचा मुक्काम ठेवला होता, एका अशा जंक्शनवर की जिथे उतरण्याचं कुठल्याही शहाण्या माणसाला कारण नव्हतं. नाव उच्चारताना जीभ अडकायची म्हणून चौघे त्याला 'गुडघा जंक्शन' म्हणत. मास्तरांनी तिथल्या स्टेशनला पत्र टाकून विचारलं होतं, फलाटावर बाकं किती, आणि त्यांना पाठ आहे का? तिकडून तीन आठवड्यांनी उत्तर आलं: दोन, पैकी एकाला आहे. ते उत्तर मास्तरांनी प्रमाणपत्रासारखं वहीत चिकटवलं.

आणि त्याच पानावर त्यांनी आपली चूक पेरली. मुक्काम संपवून तीन पाचची गाडी पकडायची असं लिहिलं. नववा दिवस रविवार होता आणि तीन पाचची गाडी रविवारी धावत नाही. खरी गाडी तीन पंचवीसची पॅसेंजर. ती फक्त मास्तरांच्या वहीत होती. ज्या मित्राला चूक सापडेल त्याला एकोणीस दिवस खिडकी, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. दर गुरुवारी ते सहज विचारत, "काय, वाचलं का अकरावं पान?"

"वा! वा!" तिघे म्हणत. "तोड नाही मास्तर तुला!"

दोन वर्षांत खिडकी कुणालाच मिळाली नाही.

जायला तीन महिने राहिले आणि कवळी एका गुरुवारी खुर्चीत बसताना जरा जास्तच कण्हला.

"मास्तर, गुडघा नाही म्हणतोय रे. पुढच्या वर्षी बघू."

घड्याळजीने उसासा सोडला. टेलरने सुई बोटात टोचून घेतली. मास्तरांना मित्रांच्या दुःखाचंच वाईट वाटलं. "अरे, गुडघ्यापुढे कुणाचं काय चालतं?" म्हणत त्यांनी उलट कवळीचीच समजूत काढली, आणि घरी जाऊन पुढच्या वर्षीची वही सुरू केली. तिच्यात गुडघा जंक्शनचा मुक्काम तीन तास दहा मिनिटं होता.

मध्ये नऊ गुरुवार गेले. नवी वही बाराव्या पानापर्यंत आली होती. एका सकाळी मास्तरांची मेहुणी येऊन थडकली. ही बाई आयुष्यभर नर्स. सगळ्या जगाशी ती पेशंटशी बोलल्यासारखं बोले.

"भावजी, चष्मा लावा. ताई, यांना चहा दे, पण साखर अर्धी. मी युरोपला चाललेय."

"तू? कुणाबरोबर?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"ती सहलवाली नाही का, सकाळी माझ्याबरोबर चालायला असते? आजवर बसच्याच सहली न्यायची. आता रेल्वेची काढलीय. तीन आठवड्यांनी निघायचं. भावजी, तुम्हाला गाड्यांतलं कळतं. एवढं नजरेखालून घाला."

आणि तिने एक चकचकीत पत्रक मास्तरांपुढे ठेवलं. 'रुळावरचा युरोप: पाच देश, एकोणीस दिवस'. मास्तरांनी सवयीने लाल पेन काढलं. दुसऱ्याचं वेळापत्रक तपासायला मिळणं हा त्यांच्या लेखी मेजवानीचा प्रकार होता.

पहिल्या दिवशी पेन चाललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "बाई हुशार दिसते," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी तळं उजव्या खिडकीतून दिसेल असं लिहिलं होतं. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. मग भराभर पानं उलटून ते नवव्या दिवसावर आले.

'निसर्गरम्य जंक्शनवर निवांत विश्रांती, दोन तास चाळीस मिनिटे. दोन बाकं, पैकी एकाला पाठ. दुपारी तीन पाचच्या गाडीने प्रस्थान.'

खरं सांगायचं तर मास्तरांना आधी आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं वेळापत्रक रंगीत छापून आलं होतं. तो आनंद पान उलटेपर्यंत टिकला. मलपृष्ठावर तीन गोल फोटो होते आणि वर मथळा: 'सहलीत सोबत आमचे तज्ज्ञ'. पहिल्या गोलात कवळी, खाली 'आरोग्यतज्ज्ञ'. दुसऱ्यात टेलर, 'वेशतज्ज्ञ'. तिसऱ्यात घड्याळजी, भलतीकडेच बघत असलेला. त्याच्याखाली छापलं होतं, 'कालतज्ज्ञ'.

मास्तरांनी चौथा गोल शोधला. पत्रक उलटं करूनही पाहिलं.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं. "चेहरा असा काय? कुणी गेलं का?"

"गेलं नाही," मास्तर म्हणाले. "जाणार आहेत."

बायकोने पत्रक ओढून घेतलं, तिन्ही गोल पाहिले आणि एवढंच म्हणाली, "तरी मी म्हणत होते, त्या मेल्याचा गुडघा गुरुवारीच कसा दुखतो!"

"बीपी वाढवू नका भावजी," मेहुणी म्हणाली. तिला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण बीपी तिला दिसलं होतं.

तो गुरुवारच होता. मास्तर संध्याकाळी नेहमीच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी टेलरच्या दुकानात शिरले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत इस्त्रीचा वास होता, आणि खिडकीजवळच्या दांडीवर तीन जाकिटं लटकत होती. अकरा खिशांची. मास्तरांनी मोजले. तिकिटाचा खिसा आतल्या बाजूला, गोळ्यांचा डावीकडे, चष्म्याच्या खिशाला झाकण; सगळं त्यांनी आखलं होतं तसं. टेबलाच्या टोकाला त्याच कापडाची एक चळत होती. खडूच्या रेघा अजून ताज्या दिसत होत्या आणि वरच्या तुकड्यावर टाचणीने चिठ्ठी टोचलेली: 'मास्तर'.

टेलर दारात उभा राहिला. गळ्यातला टेप त्याने उगाचच काढून हातात घेतला.

"कापलंय रे," तो म्हणाला. "शिवायचं राहिलंय."

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "कापलंय ते नीटच कापलंय."

तेवढ्यात कवळी आला. सवयीने एका पायावर भार देऊन दारातून आत आला, दांडीकडे पाहिलं, मास्तरांच्या हातातल्या पत्रकाकडे पाहिलं आणि भूल न देता दाढ उपटायला घेतलेल्या पेशंटसारखा खुर्चीत बसला.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? पोस्टकार्डावर?"

"तसं नाही रे. ती सहलवाली बाई माझ्याकडे आली होती, खालची दाढ भरायला. तिच्या तोंडात कापूस. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून तुझी वही वाचून दाखवत होतो..."

"वाचून?" मास्तर म्हणाले. त्या एका शब्दापुरता त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे, चाळून. कापूस काढल्याबरोबर ती म्हणाली, ही वही मला द्या, मी गट काढते आणि तुमच्या जागा माझ्याकडून. पण तीनच देते म्हणाली, लेका. तीनच."

"बरं. चौघांतून एक वजा करायचा होता," मास्तर म्हणाले. "तो कसा केलात? पायऱ्या दाखवून सांग."

कवळीने टेलरकडे पाहिलं. टेलर टेपवरचे आकडे वाचत होता. त्याच वेळी पुढचं दार वाजलं आणि घड्याळजी आत आला, नेहमीप्रमाणे पंचवीस मिनिटं उशिरा. त्याने मास्तरांना पाहिलं, पत्रक पाहिलं आणि मोकळेपणाने म्हणाला, "अरे, याला आज कळलं का? मागच्या गुरुवारी सांगायचं ठरलं होतं ना?"

मास्तरांनी पत्रकाची घडी घातली.

"तिघांनी मिळून ठरवलंत," मास्तर म्हणाले. "गुरुवारी?"

"बुधवारी," घड्याळजी म्हणाला. तो खोटं बोलत नसे. फार तर उशिरा बोले.

टेलरला अखेर राहवलं नाही. "मास्तर, राग मानू नकोस. पण तू बरोबर असलास की फिरायला आलोय असं वाटत नाही रे. परीक्षेला बसलोय असं वाटतं. पान सव्वीस आठव. 'सायंकाळी सहा दहा ते सहा पंचवीस: हसणे, गप्पा, फोटो.' अरे, हसायची पण वेळ लिहून दिलीस!"

"पान सव्वीस वाचलंस तू?"

"तेवढंच. कवळीने दाखवलं होतं." टेलर थांबला, पण कापड एकदा कात्रीत घातलं की मध्येच थांबता येत नाही. "आम्ही खूप हसलो त्या दिवशी."

"किती वेळ?"

"अं?"

"पंधरा मिनिटांच्या आत संपवलंत का?"

यावर हसावं की नाही हे कुणालाच ठरवता आलं नाही. मास्तरांनी मात्र ते सहा दहा ते सहा पंचवीस का लिहिलं होतं, ते सांगितलं नाही. त्या दिवशी सहा पंचवीसला घड्याळजीची रक्तदाबाची गोळी होती आणि सहा दहाला गाडी पोचत होती. मधली पंधरा मिनिटं कुणालाच कसली काळजी करायची नव्हती. वेळापत्रकात अशी जागा सापडणं किती अवघड असतं हे तिथे कुणाला कळणार होतं?

"आणि पान अकरा?" त्यांनी विचारलं.

कवळी म्हणाला, "वा, ते तर..." आणि थांबला. घड्याळजीने मनगटाकडे पाहिलं. टेलर टाचण्यांचा डबा आवरायला लागला.

मास्तर उठले. टेबलाच्या टोकाची ती चळत त्यांनी घेतली, चिठ्ठीची टाचणी काढून डब्यात ठेवली आणि कापड काखोटीला मारलं.

"शिवून देतो ना रे, मास्तर," टेलर मागून म्हणाला.

"राहू दे. उसवायचं काम तरी वाचेल."

"आणि तुझी वही? परत हवीय?" कवळीने विचारलं.

"ठेव. कधीतरी वाचायला होईल."

पुढचे दोन गुरुवार मास्तर घरीच बसले. बायकोने त्या दोन गुरुवारी कारण नसताना त्यांच्या आवडीचा स्वयंपाक केला. मास्तर अकरावं पान उघडून बसत. केसाने गळा कापणं म्हणजे काय हे त्यांनी मुलांना वाक्प्रचार म्हणून ऐकवलं होतं. प्रात्यक्षिक आता झालं. गंमत अशी की त्यांना जागा गेल्याचं तितकं वाईट वाटत नव्हतं. कवळीने गुडघा पुढे केला होता, त्याचं वाटत होतं. त्या गुडघ्यासाठी त्यांनी परक्या मुलखातल्या बाकांच्या पाठी मोजल्या होत्या, आणि त्याच गुडघ्याने त्यांना लाथ मारली होती.

आणि रविवारी तीन पाचची गाडी नव्हती. अठरा माणसं आणि तीन तज्ज्ञ त्या फलाटावर दोन बाकांवर बसून राहणार होते. मास्तरांनी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं काही पाप नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण चुकीचं वेळापत्रक भिंतीवर लागलंय आणि आपल्याला ठाऊक आहे, ही कल्पना त्यांना दाताखाली खडा आल्यासारखी वाटे. त्या अठरात मेहुणीही होती.

निघायच्या चार दिवस आधी सहलवालीने सगळ्यांना माहितीसाठी बोलावलं. मेहुणी मास्तरांना हाताला धरूनच घेऊन गेली. चष्म्याच्या दुकानावरची खोली, भाड्याच्या खुर्च्या, भिंतीवर नकाशा आणि एका कोपऱ्यात टेकवून ठेवलेली नारिंगी छत्री. पहिल्या रांगेत अकरा खिशांची तीन जाकिटं बसली होती. कवळीने वळून पाहिलं आणि पुन्हा सरळ बसला.

सहलवालीने पासपोर्ट, औषधं, पायमोजे सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "कुणाला काही शंका?"

मास्तर उभे राहिले.

"आपण कोण?"

"मी हिचा भावजी," त्यांनी मेहुणीकडे बोट केलं. "नववा दिवस. रविवार आहे. तीन पाचची गाडी रविवारी नसते."

खोलीत चुळबुळ झाली. सहलवालीने तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई! खरंच नाही. मग हो?"

आता मास्तरांच्या वहीत याला दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती. एक, तीन पंचवीसची पॅसेंजर: मुक्काम होता तसा राहतो, पाठीचं बाक राहतं, त्या रात्रीच्या तळ्याकाठच्या गावी पोचायला जरा संध्याकाळ होते. दुसरं उत्तर त्यांनी कधी काळी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून खोडलं होतं. ते त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचलं. पहिल्या रांगेतून कवळी त्यांच्याकडे बघत होता. शाळेत उत्तर येत नसलं की बघायचा तसा.

"तुमची गाडी बारा पंचवीसला तिथे पोचते," मास्तर म्हणाले. "बारा चौतीसला दुसरी सुटते. ती धरा. तळ्यावर तीन तास जास्त मिळतील, उजेडी."

"वा!" कुणीतरी म्हणालं.

"नऊ मिनिटांत जमेल?" सहलवालीने विचारलं.

"धडधाकट माणसाला सहज. फलाट दोनवरून सात. मध्ये पूल. छत्तीस पायऱ्या वर, छत्तीस खाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणीने अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. सहलवाली म्हणाली, "सर, तुम्ही अगदी देवासारखे भेटलात! आमच्या कालतज्ज्ञांच्या कसं लक्षात आलं नाही हे?" कालतज्ज्ञाने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"पण ती... विश्रांती?" कवळीने हळूच विचारलं.

"कशाला हवी?" मास्तर म्हणाले. "निसर्ग गाडीतूनही दिसतो."

"आणखी काही, सर?"

आणखी एक होतं. अकराव्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात.

"तेवढंच," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

मंडळी युरोपला गेली. मास्तरांच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर एक दुसरं घड्याळ होतं. दोन वर्षांपूर्वी घड्याळजीने ते हौसेने दिलं होतं, तिकडच्या वेळेवर लावून. रोज बघत जा म्हणजे सवय होईल, म्हणाला होता. मास्तर रोज त्याची वेळ मिळवून घेत आणि बघत. आज तिसरा दिवस, आता उजवीकडे तळं. आज सहावा, आता बोगदा. बायको एकदाच म्हणाली, "इथे बसून तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त फिरताय."

नवव्या दिवशी, रविवारी, ती टेबलाशी शेंगा मोडत होती आणि मास्तर समोर बसून शेंगा मोडण्याचं सोंग करत होते. तिकडचे बारा पंचवीस झाले. सव्वीस. फोन वाजला.

पलीकडून आधी नुसता श्वास आला.

"मास्तर," कवळी म्हणाला. "अरे, तो पूल... सगळे पुढे गेलेत रे. तुझी मेहुणी दोघांच्या बॅगा घेऊन वर पोचली. माझा गुडघा... मास्तर, इथे लिफ्ट आहे का रे कुठे?"

बारा सत्तावीस. मास्तरांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुझी वही कुठंय?"

"वही..." कवळी खोटं बोलणार होता, पण खोट्याला दम लागतो आणि तो त्याच्याकडे उरला नव्हता. "घरी. टेबल हलत होतं. पायाखाली घातलीय."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घड्याळाकडे बघत होते. अठ्ठावीस. सात फलाटांचं ते जंक्शन त्यांना या खोलीपेक्षा स्पष्ट दिसत होतं: मागे पाठीचं बाक, समोर पूल आणि पुलाच्या पहिल्या पायरीशी अकरा खिसे घातलेला एक म्हातारा माणूस, ज्याच्या एकाही खिशात काही कामाचं नव्हतं.

"मागे वळ," मास्तर म्हणाले. "तुझी गाडी उभी होती तिथे शेवटच्या डब्याच्या पलीकडे जा. जाहिरातीच्या फळीमागे दरवाजा आहे. दिसला?"

"नाही... हां! हां, दिसला!"

"पळू नकोस. लिफ्ट हळू आहे, पण वेळ आहे. वर गेलास की डावीकडून पाचवा उतार. तिथेही लिफ्टच आहे."

फोन चालूच राहिला. दार सरकल्याचा आवाज आला, घंटी आली, कवळीचं कण्हणं आलं. तीस. एकतीस. कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी पुकारत होतं. बायकोनेही शेंगा मोडणं थांबवलं होतं. बत्तीसला कवळीचा आवाज एकदम मोठा झाला.

"मिळाली रे! बसलो! खिडकी मिळाली!" आणि मग दम घेऊन, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून म्हणाला, "मास्तर, तू हवा होतास रे इथे."

"हो," मास्तर म्हणाले. "ठरलं तसंच होतं."

बारा चौतीसला गाडी हलल्याचा हलका धक्का ऐकू आला. सुटल्यापासून चौथ्या मिनिटाला बोगदा आहे हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी बोगद्याची वाट न बघता फोन ठेवला.

"सांगितलंतच ना शेवटी?" बायको म्हणाली.

"पान अकरावर होतंच ते."

त्यांनी स्टूल घेतलं, फ्रीजवरचं घड्याळ खाली काढलं आणि काटे फिरवून घरच्या वेळेवर आणले. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर अगदी बरोबर होतं. मग दोघांनी मिळून उरलेल्या शेंगा मोडल्या. त्या संपेपर्यंत घड्याळजीचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं होतं.